धावणं मराठीत, भीती तेलुगूत

पहाटे ४.४५. पार्क चौकात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ चहावाल्याने नुकताच स्टोव्ह पेटवलाय. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले चौघं. नुसती आडनावं वाचली तरी सोलापूर किती भाषांत बोलतं ते कळतं. मी रोज एकदा वाचते आणि मैदानात शिरते.

५.००. पोलीस भरतीची पोरं आधीच पळतायत. मे महिन्यात सातनंतर पळणं म्हणजे भाजून घेणं. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे ५० गुण. माझ्याकडे शिट्टी नाही, स्टॉपवॉच नाही. एक प्लास्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली आणि वही. मी समुपदेशक. कोच मंडळी मला ‘टेन्शनवाल्या मॅडम’ म्हणतात. मला चालतं.

५.४०. पूर्व भागातली एक मुलगी शेवटच्या दोनशे मीटरला पुन्हा थांबली. छाती, रक्त, सगळं तपासून झालंय, दोष काही नाही. तीन आठवडे मी तिला विचारतेय आणि ती सांगतेय, “काही नाही मॅडम, दम लागतो.” चूक माझी. तिचं मराठी माझ्याहून स्वच्छ, म्हणून मला वेगळं काही सुचलंच नाही. आज ती बुटाची नाडी सोडत बसली होती, तेव्हा सहज तोंडातून माझ्या आईची भाषा, तेलुगू, निघाली, “एमैंदम्मा?” काय झालं गं?

तिने मान वर केली नाही. नाडीला उगाच एक गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मग म्हणाली, “बेंग, अक्का.”

मॅडमची अक्का झाले ती तिथे. बेंग म्हणजे काळजी नव्हे आणि आठवणही नव्हे. आपल्या माणसापायी जीव आत ओढला जातो, ते बेंग. बापाचा यंत्रमाग बंद आहे, आई विड्या वळते. ही पळायला लागली की चौथ्या-पाचव्या मिनिटाला नव्हे, अगदी ठरल्या जागी, गोळाफेकीच्या वर्तुळापाशी, तिला आईच्या मांडीवरचं अर्धं भरलेलं सूप दिसतं. तिथेच पाय जड होतात. दम वगैरे काही नाही. हे तिने मराठीत एकदाही सांगितलं नसतं, कारण मराठी ही तिची शाळेची, फॉर्मची, निकालाची भाषा. त्या भाषेत ती फक्त पास किंवा नापास होते.

८.३०. भाकरी, शेंगाचटणी, दही.

११.००. टेबलावर प्रश्नावली. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंच्या मनःस्वास्थ्यासाठी २०२१ मध्ये एक साधन प्रसिद्ध केलं. त्याची पहिली पायरी दहा प्रश्नांची. गेल्या काही आठवड्यांत दुखापतीची वा कामगिरीची काळजी थांबेनाशी झाली का, निवडीचं दडपण झेपत नव्हतं का, असे प्रश्न. बेरीज १७ किंवा त्याहून जास्त आली तर पुढची चौकशी करायची. मी ते माझ्यापुरतं तेलुगूत उतरवतेय. गंमत अशी की आमच्या अनेक पोरांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही, शाळा मराठी ना! म्हणून तेलुगू प्रश्न देवनागरीत लिहितेय. हैदराबादचा कुणी प्राध्यापक बघेल तर कपाळाला हात लावेल. लावू दे.

२.००. या वेळी सोलापुरात काही घडत नाही. पंखा गरम हवा फिरवतो.

४.३०. तालीम. अक्कलकोटकडचा एक पैलवान आठ दिवस लंगोट लावत नाहीये. घरची भाषा कन्नड, मराठी कामापुरतं. शेजारी थोरला भाऊ, दुभाषा म्हणून. पोरगा मान खाली घालून पुटपुटला, त्यात ‘बेजार’ हा शब्द मला कळला. भाऊ वस्तादांना म्हणाला, “कंटाळलाय म्हणतोय.”

“कंटाळला? मग जाऊ दे घरी!” वस्ताद कडाडले.

मी मध्ये पडले. मराठीतला बेजार वेगळा. उन्हाने, त्रासाने जेरीला आलेला तो बेजार. कन्नडमध्ये कंटाळ्यालाही बेजार आणि मन दुखावलं, उदास झालं तरी बेजारच. कुठला, ते त्यालाच विचारायला हवं, आणि भावासमोर तर नाहीच. माझं कन्नड अक्कलकोटच्या बाजारापुरतं. म्हणून १४४१६ लावला. टेलिमानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली सरकारी सेवा. चोवीस तास, फुकट, वीस भाषांत. कन्नड निवडून फोन त्याच्या हातात दिला. तो लिंबाखाली गेला.

वस्ताद म्हणाले, “मनाबिनाचे चोचले आमच्या काळी नव्हते.” मी नेमबाज अभिनव बिंद्राचं सांगितलं. २००८ ला बीजिंगचं सुवर्ण गळ्यात पडल्यावर आपण खचलो होतो, हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलंय. वस्तादांनी ऐकून घेतलं, पटलं नाही. तरी पंचवीस मिनिटं लिंबाखाली कुणाला जाऊ दिलं नाही त्यांनी, हेही खरं. नंतर हळूच विचारलं, “काय बोलला पोरगा?”

“मला माहीत नाही. आणि तुम्हीही विचारू नका.”

७.१५. पुन्हा मैदान. सकाळची मुलगी या वेळी पळाली नाही, चालली. वर्तुळापाशी थांबली, पुढे गेली. मीही बरोबर चालले. आईला एकदा मैदानावर घेऊन ये म्हटलं. “सुपं कोण भरणार?” म्हणाली. रविवारचं बघू, असं ठरलं.

फाटकाजवळच्या भिंतीवर १४४१६ हा आकडा मी खडूने लिहून ठेवते. खाली देवनागरीतच दोन ओळी, ‘तेलुगुलो माट्लाडवच्चु’, ‘कन्नडदल्ली माताडबहुदु’. तेलुगूत बोलता येतं, कन्नडमध्ये बोलता येतं, एवढंच. जूनच्या पहिल्या सरीत ते धुऊन जाईल. तुमच्या ओळखीत कुणाकडे ऑइल पेंटचा उरलेला डबा असेल तर पाठवा. रंग कुठलाही चालेल.