पोहरादेवीचं पाणी चालत जातं, वरळीचं उचलावं लागतं

पोहरादेवीला पाऊस पडला की पाण्याला वाट दाखवावी लागत नाही. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याचा हा मुलूख चढउताराचा. जगदंबेच्या देवळावरून, घरांच्या पत्र्यांवरून, सोयाबीनच्या सऱ्यांमधून निघालेलं पाणी ओहोळाला लागतं, ओहोळ नाल्याला आणि नाले नदीला. पुढे ते पैनगंगेत उतरतं. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत शिरते आणि गोदावरी त्या थेंबाला बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. शेकडो किलोमीटरचा हा प्रवास. त्यात एक मोटार नाही, एक पंप नाही. उतार हेच इंजिन.

आता वरळीला चला. नाल्यापासून समुद्र हाकेच्या अंतरावर. आणि तरीही भर पावसात, भरतीच्या वेळी, नाल्यातल्या पाण्याला तेवढं अंतर पार करता येत नाही. विदर्भातला थेंब आपल्या पायांनी समुद्र गाठतो आणि समुद्राच्या काठावरचा थेंब अडून बसतो, हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी नकाशा पुढे घेऊन बराच वेळ बसलो होतो.

कारण सोपं आहे. पाणी खाली जातं, पण मुंबईत पुष्कळदा खाली जायला जागाच उरत नाही. समुद्राला मोठी भरती येते तेव्हा पाण्याची पातळी साडेचार मीटरच्याही वर चढते. मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्यांची समुद्रात आणि खाड्यांत उघडणारी 186 तोंडं आहेत. त्यांतली बहुतेक मोठ्या भरतीच्या पातळीखाली येतात आणि 45 तर समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. भरती आली की शहराचं पाणी बाहेर पडायचं सोडून समुद्रच नाल्यातून आत यायला बघतो. अशा वेळी एकच उपाय असतो: समुद्राकडचे दरवाजे बंद करायचे आणि आतलं पाणी उचलून पलीकडे टाकायचं. मुंबई महापालिकेच्या मराठीत या जागेला 'उदंचन केंद्र' म्हणतात. उदंचन म्हणजे वर काढणं, उपसणं. विहिरीवर मोट चालायची तेव्हाही हेच चालायचं.

26 जुलै 2005 या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी त्याच शहरातल्या कुलाब्याला फक्त 73. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, हा हिशेब शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. त्या हिशेबानं सांताक्रूझच्या एकेका एकरावर 38 लाख लिटर पाणी उतरलं. माणसं गेली, संसार वाहून गेले. मुंबईच्या नाल्यांची क्षमता वाढवण्यासाठीचा 'ब्रिमस्टोवॅड' हा अहवाल 1993 सालीच तयार होता. 2005 नंतर त्या कामाला वेग आला. जुन्या वाहिन्या तासाला 25 मिलिमीटर पावसाच्या मापानं बांधलेल्या होत्या, त्या 50 मिलिमीटर पेलतील अशा करायचं ठरलं. आणि जिथे नुसत्या रुंदीकरणानं भागणार नव्हतं, तिथे एकामागून एक उदंचन केंद्रं उभी राहिली: हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबांध.

या केंद्रांची माहिती वाचताना एक आकडा पुन्हा पुन्हा समोर आला. हाजी अलीचा एक पंप: सेकंदाला 6,000 लिटर. इर्ल्याचा: 6,000. लव्हग्रोव्हला दहा पंप, प्रत्येकी 6,000. जागा वेगळ्या, नाले वेगळे, बांधकामाची सालं वेगळी, पण पंपाचं माप तेच.

सेकंदाला सहा हजार लिटर म्हणजे किती? घराच्या गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी असते ना, तशा सहा टाक्या एका सेकंदात. दहा हजार लिटरचा टँकर दोन सेकंदांच्या आत भरून वाहायला लागेल. आता दुसरा हिशेब करा. एक चौरस किलोमीटर जमिनीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सगळा वाहून आला, तर दर सेकंदाला साधारण 13,900 लिटर पाणी येतं. म्हणजे एवढ्या एका तुकड्यासाठी असले दोन पंप पूर्ण लागतात आणि तिसऱ्यालाही हात लावावा लागतो.

आणि हे पाणी उचलायला ताकद किती? समजा पाच मीटर चढवायचं आहे आणि पंपाची कार्यक्षमता 80 टक्के आहे. गणित सांगतं, साधारण 370 किलोवॅट, म्हणजे जवळजवळ 500 अश्वशक्ती. पोहरादेवीच्या शिवारात विहिरीवर पाच एचपीची मोटार बसवतात. तशा शंभर मोटारी एका धुऱ्यावर ओळीनं उभ्या करा, की मुंबईचा एक पंप झाला.

पण या दोघांचा स्वभाव वेगळा आहे, आणि खरी गंमत तिथे सुरू होते. विहिरीवरची मोटार थोडं पाणी पुष्कळ उंच चढवते: सेकंदाला सात-आठ लिटर, पण वीस-पंचवीस मीटर. तिच्यातला पंखा, ज्याला मिस्त्री 'इंपेलर' म्हणतात, पाण्याला गरगर फिरवून कडेला भिरकावतो. ओलं धोतर फिरवून झटकल्यावर पाणी बाहेर उडतं, तसं. नाल्यावरच्या पंपाचं काम उलटं: प्रचंड पाणी, पण जेमतेम काही मीटर वर. अशा कामाला छताच्या पंख्यासारखी पाती लागतात, पाण्याला आसाच्या दिशेनं पुढे रेटणारी. सांडपाण्याच्या पंपाची तऱ्हा तिसरीच. त्याला रोज, बारा महिने, दिवसरात्र चालायचं असतं आणि त्याच्या वाट्याला चिंध्या, केस, प्लास्टिक, गाळ असं सगळं येतं. म्हणून त्याच्या इंपेलरला पाती थोडी आणि वाट मोकळी ठेवतात, इतकी की 80 ते 100 मिलिमीटरचा चेंडू आरपार जावा. वरळीच्या लव्हग्रोव्हला ही दोन्ही कुळं शेजारी नांदतात: एक केंद्र पावसाच्या पाण्याचं आणि एक मैलापाण्याचं. एक वर्षातले आठ महिने वाट बघत बसतं आणि मग काही तासांत जिवाचं रान करतं. दुसऱ्याला सुट्टीच नाही. म्हणून सगळ्या शहराला एकच पंप असं कधी होत नाही. कुळं दोन-तीनच ठेवायची, पण प्रत्येक कुळात मापं ठरलेली हवीत.

मापं का ठरवायची? दहा पंप सारखे असले की पाणी येईल तसा एकेक सुरू करता येतो: सहा हजार, बारा हजार, अठरा हजार, असं करत साठ हजारांपर्यंत. आळीपाळीनं चालवले की सगळे सारखे झिजतात. एखादा बंद पडला तर शेजारचा त्याचं काम जसंच्या तसं उचलतो. दहा वेगळ्या पंपांसाठी दहा प्रकारचे सुटे भाग कोठीत ठेवावे लागतात, सारख्यांसाठी एक-दोन संच पुरतात. आणि एका केंद्रावर शिकलेला माणूस दुसऱ्या केंद्रावर पाऊल ठेवतो तेव्हा त्याचे हात गोंधळत नाहीत. कुठली खिट्टी कुठे, कुठला आवाज बरा आणि कुठला वाईट, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं.

हे जवळून बघायचं तर मुंबईलाही जायला नको. तालुक्याच्या कुठल्याही गावी, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत, मोटार रिवायंडिंगचं दुकान असतं. तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास, काळवंडलेले हात. शेतकरी मोटारसायकलवर मोटार बांधून आणतो. मिस्त्री ती खोलतो, बेअरिंग काढतो, बोटानं ग्रीस पुसतो आणि कडेवर कोरलेला आकडा उजेडात धरतो: 6205. बस्स. मोटार कुठे बनली, कुणी विकली, काही विचारत नाही. उठतो आणि खोक्यातून तेच बेअरिंग काढतो.

त्या चार आकड्यांत काय दडलंय बघा. शेवटचे दोन आकडे घ्या, 05. त्यांना पाचानं गुणा: 25. या बेअरिंगचं आतलं भोक 25 मिलिमीटर असतं. बाहेरचा व्यास 52, जाडी 15. मानोऱ्यात, मँचेस्टरमध्ये, ओसाकात, कुठल्याही कारखान्याचं 6205 घेतलं तरी हेच. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लाखो माणसांनी एका मापावर शब्द दिला आहे आणि तो पाळला आहे.

हा शब्द दिलेला नसला तर काय होतं, ते अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरानं फेब्रुवारी 1904 मध्ये पाहिलं. शहराच्या मध्यावर आग भडकली. वॉशिंग्टन आणि इतर शहरांमधून अग्निशमन दलं धावून आली. माणसं होती, बंब होते, पाणीही होतं. पण त्यांच्या पायपांची तोंडं बाल्टिमोरच्या नळांवर बसेनात, कारण प्रत्येक शहराचे आटे वेगळे. तीस तासांच्या आसपास आग चालली आणि पंधराशेहून अधिक इमारती जळाल्या. मदत दारापर्यंत आली होती, अडली ती सांध्यावर.

पोहरादेवीचं नाव घेताना मला म्हणूनच बंजाऱ्यांची गोण आठवते. हे गाव बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथली, रामनवमीची यात्रा इथली, आणि नगाऱ्याच्या आकाराचं विरासत संग्रहालय 2024 च्या ऑक्टोबरात उघडलं तेही इथेच. रेल्वे येण्याआधी देशाचं धान्य आणि मीठ या समाजाच्या बैलांच्या पाठीवरून फिरत होतं. हजारो बैलांचे तांडे चालत. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना गोण, वजन तोलून सारखं भरलेलं. आता विचार करा, वाटेत एक बैल थकला तर काय? गोण उतरवायची आणि दुसऱ्याच्या पाठीवर टाकायची. ओझं ठरलेल्या घडणीचं होतं म्हणून एका बैलावाचून तांडा थांबत नव्हता. शहराचे इंजिनिअर ज्याला प्रमाणीकरण म्हणतात, ते माझ्या लेखी हेच.

पण विदर्भाला सारखेपणाची दुसरी बाजूही ठाऊक आहे. 2017 साली गुलाबी बोंडअळी आली तेव्हा कपाशीचं शिवारच्या शिवार एकाच बीटी तंत्राच्या भरवशावर उभं होतं. एका बोंडात शिरायची वाट सापडली की सगळ्या बोंडांत सापडते. पंपांचंही तसंच. सगळे पंप एकाच घडणीचे असले आणि त्या घडणीतच दोष असला, तर तो एकाच रात्री सगळीकडे उघडा पडेल. म्हणून जाणते लोक माप एक ठेवतात आणि बनवणारे अनेक. पंपाची क्षमता, पायपाच्या फ्लँजवरच्या बोल्टांची भोकं, विजेचा दाब, पॅनेलवरच्या खुणा, म्हणजे जिथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूला भेटते ते सगळं पक्कं ठरवायचं. आतल्या पात्यांचा बाक कसा असावा, धातू कुठला वापरावा, यात कारखान्यांनी एकमेकांशी चढाओढ करावी. भारतीय मानक ब्युरोची मानकं आणि केंद्र सरकारच्या सार्वजनिक आरोग्य आणि पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या मलनिःसारण आणि पर्जन्यजलाच्या मार्गदर्शिका शहरांच्या हाती आहेत त्या याचसाठी. निविदा काढताना त्या उघडल्या गेल्या, तर त्याचं फळ वीस वर्षांनी एखाद्या पावसाळी रात्री मिळतं.

त्या रात्रीचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर आहे. भरती चढते आहे, दरवाजे बंद झाले आहेत, नाला फुगतो आहे आणि चौथा पंप कुरकुरतो आहे. पाळीवरचा माणूस पाना घेऊन खाली उतरतो. पंप बसवला तेव्हा तो कदाचित शाळेत असेल. बसवणारा आज निवृत्त असेल. दोघांची कधी भेट झालेली नाही. पण बोल्टावर पाना बसतो, कोठीतला भाग जागेवर बसतो आणि पंप पुन्हा सूर धरतो. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी या अनोळखी माणसाची काळजी वाहिली होती, म्हणून हे जमलं. मला प्रमाणीकरण हे सगळ्यात मोठ्या मायेचं काम वाटतं ते यासाठी. त्यात उपकार करणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलेलं नसतं, फक्त माप कोरलेलं असतं.

आणि तिकडे पोहरादेवीच्या शिवारात संध्याकाळी तो शेतकरी दुरुस्त मोटार विहिरीवर बसवतो. चार बोल्ट आवळतो, स्टार्टरचा हिरवा खटका दाबतो. क्षणभर पाइप कोरडा खोकतो आणि मग पाणी येतं, चढ चढून, सरीच्या तोंडाशी. तिथून पुढे त्याला उचलावं लागत नाही. ते आपल्या पायांनी जातं.