इफ्तारचे ताट आणि ‘चरबी वितळवणारी’ पुडी

बाळापूरला मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर, १७५७ मध्ये एलिचपूरच्या नबाब इस्माईल खानाने पूर्ण केलेला किल्ला उभा आहे. सूर्य मावळतो, मगरीबची अजान होते आणि गावातल्या घराघरांत खजुराने रोजा सुटतो. मग दस्तरखानावर एकेक पदार्थ येतो: भजी, समोसे, गोड सरबत, आणि नमाजनंतर पुन्हा जेवण.

दिवसभर पोट रिकामे असूनही काहींना ईदचे कपडे कमरेत घट्ट होतात. रोजेदारांवर झालेल्या अभ्यासांत महिन्याभरात वजन सरासरी एखाद्या किलोने उतरते, पण ईदनंतरच्या काही आठवड्यांत ते परत येते असे दिसले. ज्यांच्या ताटात तेल आणि साखर जास्त, त्यांचे तेवढेही उतरत नाही. एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात. सरबताच्या एका पेल्यात पाच चमचे साखर पडली, की २० ते २५ ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहा असे सांगते.

भारतीयांनी अधिक सावध राहायला हवे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःची तुलना एका ब्रिटिश सहकाऱ्याशी केली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. पण ब्रिटिशाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि डॉ. याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात.

अशा वेळी ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य, चरबी वितळवते’ अशी पुडी कुणीतरी पुढे करते. वनस्पतींत गुण असतात, हे खरेच. मेथीतला चिकट तंतू आतड्यात फुगतो, साखर हळूहळू रक्तात जाऊ देतो आणि पोट भरल्यासारखे वाटते. पाण्यात भिजलेला सब्जा फुगतो तोही अशाच तंतूमुळे. हरभऱ्यातला काही स्टार्च लहान आतड्यात न पचता पुढे जातो. मिरचीतल्या कॅप्सेसिनने शरीराची उष्णता किंचित वाढते. पण यातले काहीही चरबी वितळवत नाही.

कोकमाच्या कुळातल्या फळांमधील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा बराच गाजावाजा झाला. साखरेपासून चरबी बनवणाऱ्या विकराला ते अडवते, म्हणून मोठी आशा होती. १९९८ मध्ये १३५ लठ्ठ व्यक्तींवर १२ आठवडे चाचणी झाली. खरे औषध घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे यांच्या वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हळदीतले कुरकुमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. कपभर ग्रीन टीने बिघडत नाही, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी पोटात गेले, तर यकृताला इजा होऊ शकते, असे युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१८ मध्ये बजावले.

त्याहून मोठा धोका भेसळीचा. ‘नैसर्गिक’ म्हणून विकलेल्या कित्येक बारीक होण्याच्या औषधांत सिब्युट्रामिन सापडले आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या भीतीने भारतात २०११ पासून त्यावर बंदी आहे. दिवसभर पाण्याविना राहिलेल्या रोजेदाराने अशी पुडी घेणे म्हणजे जिवाशी खेळ.

पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण याहून सोपी आहे: पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला. वऱ्हाडातल्या घरात ती पाळायला बाजारातून काही आणावे लागत नाही. सहेरीला ज्वारीची भाकरी, डाळ आणि मेथीची भाजी. इफ्तारला खजूर, पाणी, टरबुजाच्या फोडी आणि उकडलेले हरभरे. अंबाडीच्या बोंडांच्या आंबट सरबतात साखर बेताची घातली तरी चव येते. भजी रोज न तळता आठवड्यातून एखाद्या दिवशी पुरे.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रोज्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मेथीनेही साखर खाली येते. आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आणि ज्यांचा रोजा आहे, त्यांनी दिवसभर राखलेला संयम अजाननंतरच्या अर्ध्या तासातही राखला, तर पुडीची गरज उरणार नाही.