वास्तुकलेचा वृक्ष आणि लिंबची विहीर

जागतिक वास्तुकलेचा इतिहास शिकवताना ज्या ग्रंथाचा आधार पिढ्यानपिढ्या घेतला गेला, तो बॅनिस्टर फ्लेचर या पितापुत्रांचा इंग्रजी ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या पुढील आवृत्त्यांत एका झाडाचे चित्र असे. मधला सरळ बुंधा ग्रीक, रोमन, रोमनेस्क अशा क्रमाने वर चढत युरोप-अमेरिकेच्या आधुनिक इमारतींपर्यंत पोचतो. भारत, चीन, जपान, पेरू यांची वास्तुकला म्हणजे बाजूला फुटलेल्या फांद्या. त्यांना पुढे काही फुटत नाही. १९०१ च्या आवृत्तीत तर युरोपची ती 'ऐतिहासिक' आणि भारत-चीन वगैरेंची ती 'अनैतिहासिक' अशी उघड विभागणीच आहे.

हे वर्गीकरण पुढे सोडून देण्यात आले. परंतु ते चित्र मी प्रथम पाहिले तेव्हा मला माझे गाव आठवले. मध्ये वाडा, देऊळ, पेठ. आणि बाजूला आमची वस्ती, जिला इतिहास नसतो.

आपल्या अभिजन विद्वानांना या झाडाचा राग आला, आणि तो रास्तच होता. वेरूळचे कैलास किंवा ताजमहाल यांना वठलेल्या फांदीवर बसवणे हा अन्यायच. मौज अशी, की युरोपीयांना जाब विचारणाऱ्या याच मंडळींनी जे इतिहास लिहिले त्यांत 'हे कोणी बांधले?' या प्रश्नाला राजाचे नाव एवढेच उत्तर राहिले. पाथरवट, वडार, बेलदार यांच्या वाट्याला फांदी तर सोडाच, पानही आले नाही.

"सर, आपल्या सातारा-सांगलीकडं यातलं काय आहे?" असे विद्यार्थी विचारतात. प्रश्नात थोडा न्यूनगंड असतो. म्हणून मी त्यांना आधी कराडला नेतो. जखिणवाडीजवळच्या आगाशिवाच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. बहुतेक अगदी साधी: निजायला दगडी ओटा असलेल्या खोल्या, मधे बसायची जागा, कोठे चैत्य. कार्ल्याचा भव्य चैत्य पाहून आलेला विद्यार्थी येथे हिरमुसतो. तेव्हा त्याला सांगावे लागते, की या गावाचे नाव कराडपेक्षा फार दूर सापडते. मध्य प्रदेशातील भरहूतचा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. कनिंगहॅम यांना त्याचे अवशेष १८७३ साली सापडले आणि त्याचा कोरीव कठडा आज कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. जगातील कोणत्याही वास्तुकलेच्या इतिहासात ज्याचे नाव घ्यावेच लागते अशी ही वास्तू. तिच्या दगडांवर दानाचे लेख आहेत, आणि त्या लेखांत 'करहकट' म्हणजे आपले कराड आहे. कोकणातल्या कुडा लेण्यांत कराडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या दानाचा लेख आहे. तेथेच एका माळ्याच्याही दानाचा लेख आहे. कार्ल्याला सामी नावाच्या धेनुकाकट येथील सुताराने दरवाजा केल्याचे कोरले आहे.

एका सुताराचे नाव दोन हजार वर्षे दगडावर टिकले! राजाखेरीज इतरांची नावे वास्तूवर यावीत, हे त्या काळच्या बौद्ध वास्तूंचे वेगळेपण आहे. मात्र बौद्ध म्हणून आपण हुरळूनही जाऊ नये. माळी आणि सुतार ही नावे अपवादाने येतात. व्यापारी, भिक्षू, अधिकारी यांची नावे पुष्कळ. डोंगर फोडताना ज्याच्या डोळ्यात कपची गेली असेल तो तेथेही निनावीच आहे.

कराडनंतर साताऱ्याजवळचे लिंब. येथली बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ या काळात बांधली गेली. बांधविणाऱ्या वीरूबाई भोसले, छत्रपती शाहूंच्या घरातल्या. अष्टकोनी विहीर, सुमारे ११० फूट खोल, ५० फूट रुंद, आणि विहिरीच्या पोटातच बांधलेला छोटा महाल. दगडी भिंतींवर सिंह, हत्ती कोरलेले. पाटणची राणीची वाव २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. लिंबची विहीर त्या मापाची नाही, पण त्याच विचाराची आहे: जमिनीवर उंच चढण्याऐवजी जमिनीत उतरणारी वास्तू.

या वास्तूचे सौंदर्य कळायचे तर मोट कशी चाले ते कळले पाहिजे. आज विद्यार्थ्यांना ते सांगूनही पटत नाही. काठावर चाक, त्यावरून जाड नाडा, नाड्याच्या टोकाला कातड्याची मोट. मोटेच्या सोंडेला दुसरा बारीक दोर, सोंदूर. बैल उताराच्या धावेवरून खाली जाऊ लागले की मोट वर येई. सोंदुराने सोंड वर दुमडलेली असल्याने पाणी सांडत नसे. काठाशी आल्यावर सोंड सरळ होई आणि पाणी थारोळ्यात पडून पाटाने निघे. बैल मागे सरत, मोट पुन्हा खाली. अशा बारा मोटा एका वेळी चालाव्यात म्हणून ही विहीर. त्यासाठी बारा जागा, बारा धावा, तेवढा भार सोसणारा काठ. भिंतीवरचा सिंह हा अलंकार झाला; खरी कल्पकता या मांडणीत आहे.

आता मोटेचा हिशेब करा. मेलेले जनावर महाराने ओढले. कातडे ढोराने कमावले, मोट शिवली. नाडा आणि सोंदूर मांगाने वळला. हे सगळे त्या पाण्यात दिवसभर बुडत होते, आणि पाणी बाटत नव्हते. ज्या हातांनी ते केले त्यांतला एक पाण्याला लागला तर मात्र गाव बाटत असे. हा मज्जाव दगडावर कोरावा लागत नसे. तो गावाला पाठ होता.

आमचे घर मांगाचे. माझा आजा मोटेचे नाडे वळीत असे. इंजिने आली आणि त्याचे काम गेले. कोणाचा नाडा किती वर्षे टिकला हे तो नावानिशी सांगे. "आमच्या नाड्यानं विहीर उपसली," तो म्हणे, "आन् आमच्या वंजळीत पाणी वरनंच पडायचं." मी बी. ए. झालो तेव्हा तो हयात नव्हता. लिंबच्या काठावर मी विद्यार्थ्यांना आधी दोराने झिजणारा दगड दाखवतो, महाल नंतर.

फ्लेचरच्या बुंध्यावर रोमन जलसेतू मानाने बसलेले आहेत. फ्रान्समधला पाँ द्यू गार हा पहिल्या शतकातला, ४९ मीटरांच्या आसपास उंच, तीन मजली कमानींचा; नीम शहराचे पाणी त्यावरून जाई. रोम गुलामगिरीवर उभे होते, हे विसरण्याचे कारण नाही. तरी चौकातल्या हौदावर पाणी भरायला गुलामच येई आणि त्याच्या स्पर्शाने हौद बाटत नसे. आपल्याकडे जोतीराव फुल्यांना (त्यांचे मूळ घराणे याच जिल्ह्यातल्या कटगुणचे) १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला, आणि महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावे लागले. वास्तुकलेच्या पुस्तकांत हे दोन्ही पाणवठे नसतात. बांधकाम म्हणून ते साधेच आहेत. पण वास्तू म्हणजे नुसता दगड नव्हे, तिच्यापाशी कोण जाऊ शकतो हेही तिच्या रचनेचेच अंग आहे, असे मानले तर त्या दोन तारखा वास्तुकलेच्या इतिहासात घालाव्या लागतील. मी वर्गात घालतो. परीक्षेला त्या येत नाहीत.

लिंबहून आम्ही सातारा स्टेशनवर येतो आणि पॅसेंजरने सांगलीला परततो. वाटेत मसूर लागते. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे भीमराव आपल्या भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर साताऱ्याहून निघून या स्टेशनावर उतरले होते. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला होते. तेथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलाव खोदायला घेतला होता आणि वडील त्या कामावर रोखपाल होते. मुले अस्पृश्य आहेत हे कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एकजण तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या अटीवर. रात्री जकातीच्या नाक्यावर पाणी मागितले. मिळाले नाही. जवळ डबा होता, पण पाण्यावाचून घास उतरेना. मुले तशीच निजली. दुसऱ्या दिवशी ती जेथे पोचली तेथे त्यांचे वडील तळे खणणाऱ्यांच्या मजुरीचा हिशेब सांभाळत होते.