गर्भारपणातील मूत्रसंसर्ग आणि आक्रसत गेलेली औषधनिवड

गर्भारपणात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब त्यांच्यावर पडतो आणि लघवी साचून राहिल्याने जीवाणूंना मूत्रपिंडापर्यंत पोहोचणे सोपे जाते. बोस्टनमधील एडवर्ड कास यांनी १९५० च्या दशकात एका मिलिलिटर लघवीत एक लाख जीवाणू हा निदानाचा निकष मांडला. जळजळ वा ताप नसतानाही असे जीवाणू आढळलेल्या गर्भवतींवर वेळीच उपचार केल्यास मूत्रपिंडदाह बहुतांशी टळतो, हेही त्यांनी पुढे दाखवून दिले.

या उपचारासाठी सुरुवातीला सल्फा औषधे हाताशी होती आणि १९६१ मध्ये अँपिसिलिन आले. परंतु १९६५ मध्ये अथेन्समधील एका रुग्णाच्या ई. कोलाय जीवाणूत अँपिसिलिन निकामी करणारे विकर सापडले, ज्याचे जनुक प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या डीएनएच्या वर्तुळावर होते. पुढे तिसऱ्या पिढीतील सेफालोस्पोरिनांनाही निष्प्रभ करणाऱ्या ‘ईएसबीएल’ विकरांची नोंद १९८३ मध्ये जर्मनीत झाली आणि कालांतराने ती रुग्णालयांबाहेरच्या संसर्गांतही पसरली.

इतर रुग्णांना अशा वेळी अन्य गोळ्यांचा पर्याय असतो, गर्भवतीला मात्र तो फारसा उरत नाही. कारण फ्लुओरोक्विनोलोन व टेट्रासायक्लिन तिच्यासाठी सहसा वर्ज्य मानतात, ट्रायमेथोप्रिम फोलेटच्या कार्यात अडथळा आणत असल्याने पहिल्या तिमाहीत टाळतात, तर नायट्रोफ्युरँटोइनमुळे नवजाताच्या तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असल्याने प्रसूतीच्या सुमारास ते देत नाहीत. परिणामी साध्या संसर्गासाठीही काही जणींना रुग्णालयात राहून कार्बापेनेम या प्रतिजैविकांची इंजेक्शने घ्यावी लागतात.

जीवाणूंच्या या प्रतिकाराला आळा घालण्यासाठी भारतात १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीने अनेक सेफालोस्पोरिनांच्या व कार्बापेनेमांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यांवर बंधनकारक केली, तर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लक्षणे नसलेल्या संसर्गाच्या निदानासाठी मधल्या धारेच्या लघवीचे कल्चर (जीवाणू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि उपचारासाठी सात दिवसांची औषधे सुचवली. कल्चरच्या ताटलीत औषधाच्या चकतीभोवती जीवाणूविरहित वलय किती रुंद उमटते, यावरून ते औषध लागू पडेल का, हे कळते. निवड इतकी तोकडी झाली असताना ही तपासणी प्रत्येक गर्भवतीला तिच्या गावाजवळ मिळाली पाहिजे; कारण तपासणीविना अंदाजाने दिलेली गोळी लागू पडली नाही, तर वाया गेलेल्या दिवसांची किंमत माता आणि बाळ दोघांनाही मोजावी लागते.