शहाऐंशीव्या मजल्यावरचा सज्जा

न्यूयॉर्क शहरात फिफ्थ ॲव्हेन्यूवर, ३३ आणि ३४ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान, जेथे १९२९ सालापर्यंत वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हे धनिकांचे हॉटेल होते, तेथे एम्पायर स्टेट बिल्डिंग ही १०२ मजल्यांची इमारत उभी आहे, हे सर्वविश्रुत आहे. परंतु या इमारतीला तिच्या पडत्या काळात भाडेकरूंइतकेच, केवळ वरून खाली पाहण्यासाठी आलेल्या बघ्यांनी तगवले, ही हकिकत तिच्या सज्ज्यात उभे राहणाऱ्या शेकड्यात चौघांनाही ठाऊक नसावी. मलाही ती नव्हती. ऑक्टोबरातल्या एका दुपारी मी तेथे गेलो तो, खरे सांगायचे तर, न्यूयॉर्कला जाऊन आल्यावर घरी विचारणा होईल आणि उत्तर देता यावे, एवढ्याच हेतूने.

तळमजल्याचे दालन संगमरवरी आणि झळझळीत आहे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील घरांच्या कठड्यांवर आणि जिन्यांवर जी आर्ट डेको शैली आपण रोज पाहतो, तिचेच हे थोरले, श्रीमंत भावंड. तेथून लिफ्ट मिनिटाभरात ८०व्या मजल्यावर नेते. आकडे एकेकाने न वाढता दहादहाने वाढतात, कानांत दडे बसतात आणि सोबतचे लहान मूल हटकून आवंढा गिळते. मग दुसरी लिफ्ट, किंवा पायांत बळ असल्यास सहा मजल्यांचा जिना, आणि पुढे ८६व्या मजल्यावरचा, जमिनीपासून १,०५० फुटांवरचा उघडा सज्जा.

दार ढकलताच प्रथम भेटतो तो देखावा नव्हे, वारा. तो इमारतीच्या अंगावर आदळून वर चढत असल्यामुळे पाऊस किंवा बर्फ असला तर तो कधीकधी खालून वर जाताना दिसतो, असे म्हणतात. मला तसा योग आला नाही, माझी टोपी मात्र त्या दिशेने निघाली होती. कठड्यावर आत वळलेल्या टोकांचे उंच पोलादी कुंपण आहे. आत्महत्या थांबेनात म्हणून ते १९४७ साली बसवावे लागले. त्याच्या गजांतून उत्तरेला सेंट्रल पार्कचा हिरवा आयत दिसतो, तोही अलीकडच्या पेन्सिलीसारख्या उंच इमारतींच्या फटींतून. दक्षिणेला समुद्राच्या तोंडाशी स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बोटाएवढा. पश्चिमेला हडसन नदी आणि तिच्यापलीकडे न्यू जर्सी, जेथे मराठी घरांत संध्याकाळी वरणभाताचा कुकर लागलेला असतो. परंतु मला खिळवून ठेवले ते जवळच्या गच्च्यांनी. जेथे पाहावे तेथे शंकूसारखे टोपण घातलेल्या पाण्याच्या लाकडी टाक्या, एखाद्या कोठाराच्या अंगणात मांडून ठेवलेल्या कणग्यांसारख्या! शहराच्या नळाचा दाब पाचसहा मजल्यांपलीकडे पुरत नाही, म्हणून पाणी पंपाने वर चढवून या टाक्यांत साठवतात. आकाशाला भिडणाऱ्या शहराची तहान अजून लाकडी पिंपावर भागते, हे पाहून मला फार बरे वाटले.

एवढ्या दाटीत येथून दृष्टी मोकळी सुटते, याचे श्रेय १९१६च्या नगररचनेच्या कायद्याला आहे. रस्त्यावर उजेड यावा म्हणून इमारतीने वर चढताना टप्प्याटप्प्याने मागे सरावे, आणि भूखंडाच्या चतुर्थांशावरच हवी तितकी उंची गाठावी, असा त्याचा दंडक होता. वास्तुकार विल्यम लॅम यांनी तो निमूटपणे पाळला आणि त्यातूनच ही पायऱ्यापायऱ्यांची सडसडीत आकृती निघाली.

उंचीमागचा हेतू मात्र इतका सात्त्विक नव्हता. मोटारींच्या धंद्यातले वॉल्टर क्रायस्लर यांनी आपल्या इमारतीच्या पोटात गुपचूप जोडलेला सुळका बाहेर काढून १,०४६ फूट गाठले, तेव्हा जनरल मोटर्सच्या हिशेबखात्याची धुरा पूर्वी वाहिलेल्या जॉन रॅस्कॉब यांनी, माजी गव्हर्नर अल स्मिथ यांना पुढे घालून, १,२५० फुटांचा डाव मांडला. १७ मार्च १९३० रोजी बांधकामाला आरंभ झाला आणि १ मे १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी वॉशिंग्टनमध्ये कळ दाबून इमारतीचे दिवे लावले. सांगाडा आठवड्याला सरासरी साडेचार मजले या गतीने वर गेला. त्यासाठी चौघाचौघांच्या टोळ्या तुळयांवर बसून काम करीत: एक जण भट्टीत रिव्हेट लाल होईतो तापवी आणि चिमट्याने हवेत भिरकावी, दुसरा ती पत्र्याच्या डब्यात झेलून भोकात घाली, तिसरा मागून टेकू लावून धरी आणि चौथा हवेच्या दाबावरच्या हातोड्याने तिचे डोके ठोकी. छायाचित्रकार लुईस हाइन यांनी या मंडळींची जी चित्रे टिपली, ती पाहावीत. पायाखाली काही नाही आणि चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नाही.

माथ्यावरचा मनोरा ही तर निव्वळ हौस. वायुनौका येथे नांगरतील आणि उतारू फळीवरून १०२व्या मजल्यावर उतरतील, अशी कल्पना होती. नाकाला दोर बांधलेले ते अजस्र धूड वाऱ्यात गरगरणार, आणि समतोलासाठी पाणी ओतायचे तर ते रस्त्यावरच्या लोकांच्या डोक्यावर, एवढा साधा विचार कागदावर कोणाला सुचला नाही. बेत बारगळला. आज त्या मनोऱ्यावर वर्षातून वीसेक वेळा वीज तेवढी उतरते.

मालकांवर खरी वीज कोसळली ती मंदीची. मजलेच्या मजले ओस पडले. ‘एम्पायर’ऐवजी ‘एम्प्टी’, म्हणजे रिकामी, असे नाव लोकांनी ठेवले. आणि आरंभीच्या काळात सज्ज्याच्या तिकिटांचे उत्पन्न भाड्याच्या वसुलीशी बरोबरी करू लागले. ज्यांच्या खिशात कचेरी थाटण्याइतके पैसे कधीच येणार नव्हते, अशा कारकून, शिपाई आणि गावाहून आलेल्या पाहुण्यांनी, जमाखर्चात किरकोळ म्हणून धरलेली ती बाब, मुख्य बाबीच्या शेजारी आणून बसवली. इमारत फायद्यात यायला १९५० उजाडले.

मध्यंतरी, २८ जुलै १९४५ रोजी, धुक्यात वाट चुकलेले एक लष्करी विमान ७९व्या मजल्यावर आदळले आणि १४ माणसे दगावली. बेटी लू ऑलिव्हर ही लिफ्ट चालवणारी तरुणी त्या दिवशी दोर तुटलेल्या लिफ्टसह ७५ मजले खाली कोसळली, आणि वाचली.

जाणाऱ्यांस दोन शब्द. सूर्यास्ताच्या तासभर आधी वर पोहोचावे, म्हणजे इमारतीची स्वतःची सावली पूर्वेच्या गच्च्यांवरून नदीकडे लांबत जाताना दिसेल आणि त्यानंतर दिवेही लागतील. दिवाळीचे दिवस असतील, तर खाली उतरल्यावर चार रस्ते दूर जाऊन मान वर करावी; अलीकडे काही वर्षे या सणाला शिखर केशरी रंगात उजळते. कानटोपी न्यावी. १०२व्या मजल्यासाठी जादा पैसे मागतात, ते देऊ नयेत. तेथे काचेआड उभे राहावे लागते, आणि वारा ८६व्या मजल्यावरच आहे.