मांगलीची कवटी आणि मगरींच्या आधीचे उभयचर

आज आपण पृथ्वीवरून पूर्णपणे नाहीशा झालेल्या एका उभयचर गटाबद्दल बोलणार आहोत. उभयचर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेडूक येतो. पण एके काळी याच वर्गात मगरीएवढे, दातांनी भरलेल्या जबड्याचे प्राणी होते आणि नद्या-तळ्यांमध्ये त्यांचाच दबदबा होता. शास्त्रीय भाषेत त्यांना टेम्नोस्पॉन्डिल म्हणतात. त्यांच्यातल्या एका कुळाचं नाव चक्क आपल्या विदर्भात सापडलेल्या कवटीवरून पडलंय, तेव्हा सुरुवात तिथूनच करू या.

नागपुरात स्टीफन हिस्लॉप नावाचे स्कॉटिश मिशनरी होते. त्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आजही आहे. हिस्लॉप यांना दगड आणि जीवाश्म गोळा करायचा छंद होता. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथल्या खडकातली एक रुंद, चपटी कवटी त्यांच्यामार्फत लंडनला पोचली. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी घडवला, त्या रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि नाव दिलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा. पुढे ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, चीन इथे असेच प्राणी मिळत गेले आणि त्या सगळ्या कुळाला ब्रॅकिओपिड हेच नाव पडलं.

आता प्रश्न असा, की नुसत्या कवटीवरून हा प्राणी पाण्यातला होता हे कसं कळतं? कवटीच्या वरच्या बाजूला बारीक खाचा दिसतात. माशांच्या अंगावर पाण्याची हालचाल टिपणारी एक रेषा असते, तशाच संवेदनांचे हे मार्ग. जमिनीवर त्यांचा काही उपयोग नाही. शिवाय डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला. म्हणजे तळाशी दबा धरून बसायचं आणि वरून जाणाऱ्या भक्ष्यावर झडप घालायची. पण खालचा जबडा तळाला टेकलेला असेल, तर तोंड उघडणार कसं? या गटातल्या ग्रीनलंडच्या गेरोथोरॅक्सचे सांधे तपासल्यावर उत्तर मिळालं: जबडा जागेवर ठेवून तो डोकंच वर उचलायचा, डब्याचं झाकण उघडावं तसं!

हा गट सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वीपासून होता. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळाच्या शेवटी पृथ्वीवरच्या बहुतेक प्रजाती संपल्या. हे मात्र त्यातून वाचले आणि नंतरच्या ट्रायासिक काळात चांगलेच फोफावले. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. त्या प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, तेलंगणातल्या मालेरीच्या लाल मातीत त्यांचे भरपूर अवशेष मिळाले आहेत. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी तिथे अनेक वर्षं काम केलंय. मालेरीच्या खालच्या थरांत मेटोपोसॉर कुळातले प्राणी दिसतात, वरच्या थरांत त्यांची जागा चिगुटिसॉर नावाच्या दुसऱ्या कुळाने घेतलेली दिसते. हे चिगुटिसॉर ब्रॅकिओपिडांचे जवळचे नातेवाईक. त्यांचं नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहेत.

ट्रायासिकच्या शेवटी, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वी, यातले बहुतेक संपले. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की मगरी आल्या, त्या 'सरस' होत्या, म्हणून हे 'मागासलेले' प्राणी हरले. ऐकायला सोपं आहे, पण पुरेसं नाही. मालेरीच्या त्याच पाण्यात मेटोपोसॉरांच्या बरोबरीने पॅरासुकस हिस्लोपी नावाचा, मगरीसारखा दिसणारा सरीसृप राहत होता. दोघांचं तिथे निभत होतं.

खरी गंमत ऑस्ट्रेलियात आहे. व्हिक्टोरिया राज्यात सुमारे १२ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत कूलासुकस सापडला. साधारण ३ मीटर लांबीचा चिगुटिसॉर! जगात बाकी सगळीकडे या गटाचा मागमूस उरला नसताना हा तिथे राहिला कसा? त्या वेळी व्हिक्टोरिया दक्षिण ध्रुववृत्ताच्या आत होतं. हिवाळा लांब, अंधारा आणि थंड. मगरींना थंडी सोसत नाही. उभयचरांना मात्र सोसू शकते. चीन-जपानचे महाकाय सॅलॅमँडर आजही डोंगरातल्या गार ओढ्यांत राहतात. व्हिक्टोरियातल्याच थोड्या नंतरच्या खडकांत मगरींचे अवशेष मिळतात, कूलासुकस मात्र मिळत नाही. बहुधा हवामान ऊबदार झालं, मगरी आत आल्या आणि याला सरकायला दुसरी जागा उरली नाही.

म्हणजे प्राणी कमी दर्जाचा होता म्हणून संपला, असं म्हणता येत नाही. जवळपास २१ कोटी वर्षं टिकलेल्या गटाला आपण अपयशी कसं म्हणणार? त्याला मानवणारी जागा आक्रसत गेली आणि शेवटी ती एका कोपऱ्यापुरती उरली.

ही गोष्ट आज का सांगायची? अनेक संशोधकांच्या मते आजचे बेडूक याच टेम्नोस्पॉन्डिलांच्या एका शाखेतून आले. जगातल्या उभयचरांच्या दर ५ प्रजातींपैकी २ आज धोक्यात आहेत. आपल्या सह्याद्रीत तर एखाद-दोन डोंगरमाथ्यांपुरतेच राहणारे बेडूक आहेत. तिथली हवा तापली तर ते आणखी वर कुठे जाणार? त्या माथ्यांवरची झाडी, ओढे आणि गारवा राखणं म्हणजेच त्या बेडकांना राखणं. कूलासुकसची जागा निसर्गाच्या ओघात गेली. या बेडकांची जागा राखणं बऱ्याच अंशी आपल्या हातात आहे.

इथे थांबू या. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.