ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग म्हणजे काय? आणि प्रोग्रॅम बंद झाल्यावर त्यातल्या डेटाचं काय होतं?

बीसीए असो, डिप्लोमा असो किंवा इंजिनीअरिंग, तोंडी परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगचे चार आधारस्तंभ सांगा. एन्कॅप्सुलेशन, अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स आणि पॉलिमॉर्फिझम ही नावं बहुतेकांना पाठ असतात. 'पण याची गरज काय?' असा पुढचा प्रश्न आला, की गाडी अडते.

फाइल हँडलिंग हा त्याच अभ्यासक्रमातला वेगळा धडा. तिथे मोड आणि फंक्शन्सची यादी पाठ केली जाते. प्रत्यक्षात या दोन्ही धड्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: डेटा बदलण्याचा अधिकार कोणाला आणि तो बरोबर आहे याची खात्री कोण करणार?

हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण पाहूया. समजा, गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा आहे. शेतकऱ्याचा कोड, किती लिटर दूध आलं आणि फॅट किती लागली, याची रोज सकाळ-संध्याकाळ नोंद करायची. दहा दिवसांनी बिल काढायचं.

पॅराडाइम म्हणजे नेमकं काय?

पॅराडाइम म्हणजे प्रोग्रॅमची मांडणी करण्याची पद्धत. भाषा आणि पॅराडाइम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायथनसारख्या एकाच भाषेत अनेक पद्धतींनी लिहिता येतं.

प्रोसिजरल पद्धतीत काम पायऱ्यांमध्ये मांडतात. नोंद घेणारं एक फंक्शन, दर काढणारं दुसरं, बिल छापणारं तिसरं. डेटा वेगळा आणि फंक्शन्स वेगळी. सी ही या पद्धतीची सर्वांत परिचित भाषा.

फंक्शनल पद्धतीत आधीचा डेटा शक्यतो बदलत नाहीत. जुन्या यादीवरून नवी यादी तयार करतात. डिक्लरेटिव्ह पद्धतीत 'कसं करायचं' याऐवजी 'काय हवं' ते सांगतात. 'या शेतकऱ्याच्या दहा दिवसांच्या लिटरची बेरीज दे' एवढं एसक्यूएलमध्ये सांगितलं, की ती कशी काढायची हे डेटाबेस ठरवतो.

ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीत डेटा आणि त्यावर काम करणारी फंक्शन्स एकाच ठिकाणी बांधतात. क्लास हा आराखडा आणि त्यावरून तयार झालेली प्रत्येक प्रत्यक्ष नोंद म्हणजे ऑब्जेक्ट.

ही कल्पना आली कुठून?

ओस्लोमधल्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली. खऱ्या जगातल्या व्यवस्थांची नक्कल कॉम्प्युटरवर करून पाहायची, हा तिचा हेतू होता. क्लास, ऑब्जेक्ट आणि इन्हेरिटन्स या कल्पना 'सिम्युला ६७' मध्ये दिसतात. या कामासाठी दोघांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पुढे अमेरिकेत झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक विकसित केली. बेल लॅब्समध्ये ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेला सिम्युलासारख्या क्लासची जोड द्यायला सुरुवात केली. १९८३ मध्ये त्या भाषेला सी प्लस प्लस हे नाव मिळालं. १९९५ मध्ये जावा आली आणि ही पद्धत जगभरातल्या वर्गांमध्ये पोहोचली.

चार आधारस्तंभ संकलन केंद्रावर कसे दिसतात?

समजा, फॅट ६.५ लागली, पण घाईत दशांश चिन्ह राहिलं आणि ६५ अशी नोंद झाली. दर फॅटच्या पटीत ठरत असेल, तर त्या दुधाचे पैसे दहापट होतील. प्रोसिजरल प्रोग्रॅममध्ये डेटा सर्वांसाठी खुला असेल आणि दहा फंक्शन्स तो बदलत असतील, तर चूक नेमकी कुठे झाली हे शोधताना दमछाक होते.

एन्कॅप्सुलेशन इथेच कामाला येतं. फॅटचा आकडा क्लासच्या आत प्रायव्हेट ठेवायचा आणि तो बदलायला एकच दार ठेवायचं. फॅट २ ते १२ च्या बाहेर असेल, तर नोंद नाकारायची, अशी तपासणी त्या दारावरच होते. चूक झालीच, तर शोधायला एकच जागा असते. सी प्लस प्लसमध्ये क्लासचे सदस्य मुळातच प्रायव्हेट असतात. पायथनमध्ये मात्र नावाआधी अंडरस्कोर लावणं हा केवळ संकेत आहे, कुलूप नाही.

अ‍ॅब्स्ट्रॅक्शन म्हणजे वापरणाऱ्याला गरजेपुरतंच दाखवणं. केंद्रावरचा कर्मचारी 'नोंद करा' बटण दाबतो. आत दराचं गणित कसं चालतं, हे त्याला माहीत असण्याची गरज नाही.

इन्हेरिटन्समध्ये 'दूध नोंद' या मूळ क्लासवरून 'गाय दूध नोंद' आणि 'म्हैस दूध नोंद' असे दोन क्लास तयार होतात. तारीख, लिटर, कोड हे सगळं मूळ क्लासमधून मिळतं. दर काढण्याची पद्धत तेवढी वेगळी. मग बिल काढताना प्रत्येक नोंदीला फक्त 'रक्कम सांग' म्हणायचं. गायीची नोंद आपल्या दराने उत्तर देते, म्हशीची आपल्या. हे झालं पॉलिमॉर्फिझम.

इन्हेरिटन्स कुठे वापरायचं, याची एक सोपी कसोटी आहे. 'म्हशीच्या दुधाची नोंद ही दुधाची नोंद आहे' हे वाक्य बरोबर वाटतं, म्हणून इथे इन्हेरिटन्स चालतं. 'शेतकरी ही दुधाची नोंद आहे' हे वाक्य खटकतं. शेतकऱ्याकडे नोंदी असतात. तिथे एका ऑब्जेक्टच्या आत दुसरे ऑब्जेक्ट ठेवायचे, म्हणजेच कॉम्पोझिशन.

मग फाइल हँडलिंगचा संबंध काय?

हे सगळे ऑब्जेक्ट मेमरीत असतात. प्रोग्रॅम बंद झाला किंवा वीज गेली, की ते संपतात. दहा दिवसांनी बिल काढायचं, तर नोंदी डिस्कवर फाइलमध्ये असायला हव्यात.

इथली पहिली गफलत मोडची. पायथनमध्ये 'आर' मोड फाइल वाचतो, 'ए' मोड शेवटी भर घालतो आणि 'डब्ल्यू' मोड आधीची फाइल रिकामी करून नव्याने लिहितो. फाइल 'डब्ल्यू'मध्ये उघडताक्षणी जुना मजकूर जातो, मग पुढे एक अक्षरही लिहिलं नाही तरी. सी प्लस प्लसमध्ये लिहिण्यासाठी फाइल साध्या पद्धतीने उघडली तरी हेच होतं. संध्याकाळची नोंद घालताना सकाळची पुसली जाऊ नये, म्हणून अपेंड मोड वापरायचा.

दुसरी गफलत बफरची. लिहिण्याची आज्ञा दिली, की मजकूर लगेच डिस्कवर जातोच असं नाही. तो आधी मेमरीतल्या बफरमध्ये साठतो. फाइल बंद केली किंवा फ्लश केलं, की तो पुढे ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. म्हणून फाइल बंद करणं ही औपचारिकता नाही. पायथनमधलं 'विथ' हे काम आपोआप करतं. सी प्लस प्लसमध्ये ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर फाइल बंद करतो. मात्र, एकही नोंद हरवून चालणार नसेल, तर साध्या फाइलपेक्षा डेटाबेस बरा.

प्रायव्हेट डेटा फाइलमध्येही सुरक्षित असतो का?

नाही. अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट ती हीच. प्रायव्हेट हा नियम प्रोग्रॅमच्या कोडपुरता असतो. फाइलमध्ये उतरतो तो फक्त डेटा. क्लासमधली तपासणी त्याच्यासोबत जात नाही. टेक्स्ट फाइल कोणीही नोटपॅडमध्ये उघडून ६.५ चे ६५ करू शकतं. बायनरी फाइल वाचायला अवघड असते, पण तीही बदलता येते.

म्हणून फाइलमधून आलेली प्रत्येक ओळ ही बाहेरून आलेली माहिती समजायची. ती थेट ऑब्जेक्टमध्ये भरायची नाही. नवी नोंद ज्या दारातून येते, त्याच कन्स्ट्रक्टरमधून तिलाही आणायचं. आकडा मर्यादेबाहेर असेल, ओळ अर्धवट असेल किंवा फाइलच सापडत नसेल, तर एक्सेप्शन हाताळायचं. चुकीची ओळ गुपचूप गाळायची नाही. कितवी ओळ चुकली, हे स्क्रीनवर दाखवायचं.

तोंडी परीक्षेत 'एन्कॅप्सुलेशनची गरज काय?' असं विचारलं, तर व्याख्येनंतर हे ६.५ आणि ६५ चं उदाहरण देता येईल. प्रॅक्टिकलच्या प्रोग्रॅममध्येही एक प्रयोग करून बघा: फाइलमधला एक आकडा हाताने चुकीचा करा आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवा. त्याने तो मुकाट्याने स्वीकारला, तर क्लासमधली तपासणी अजून अर्धीच झाली आहे.